राजगिऱ्याएवढे दाणे

मी हे रागाने लिहायला बसले आहे, ते तुम्हा दोघांना आधीच सांगून टाकते. राग तुमच्यावर नाही. पण त्याला निमित्त तुमच्यातल्या थोरलीचं झालं. गेल्या महिन्यात तिने आपल्या संशोधनाची पहिली काही पानं मला पाठवली. "आजी, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, स्वल्पविराम तेवढे तपासून दे." मी स्वल्पविराम तपासले, आणि वाचता वाचता विषयही समजून घेतला. पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीतल्या पदार्थाची, डोळ्यांना न दिसणारी पोकळ कॅप्सूल तयार करायची. तिच्या पोटात औषध भरायचं. आणि तिची भिंत अशी घडवायची, की ते औषध एकदम न सांडता हवं तेव्हा, हवं तेवढंच बाहेर यावं. फार सुंदर काम आहे. वाचताना माझा ऊर भरून आला.

मग तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं. त्याचा अर्थ असा, की आधीच्या पिढीतली अशी औषधं पुष्कळदा फुकट गेली ती रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हलगर्जीपणामुळे. माणसं सूचना पाळत नाहीत, गोळ्या मोडतात, कॅप्सूल फोडतात.

त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि चष्मा काढून ठेवला. चार दिवस थोरलीला फोन केला नाही. शेवटी तुमच्या बाबांचा फोन आला, "आई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत होती. मी फक्त स्वयंपाकघरातल्या पितळी खलबत्त्याकडे बघत बसले होते.

कारण कॅप्सूल फोडणारी ती घरची बाई मीच आहे. आणि मी हलगर्जी नव्हते. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी हलगर्जी म्हटलेलं नाही. एकदाच म्हटलं गेलं, त्याचीच ही हकिकत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईतली एका खोलीची जागा सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतःचा संडास. चौथा मजला. लिफ्टसाठी भिंतीत उभी पोकळी ठेवली होती, लिफ्ट नव्हती; तिथे बायका झाडू ठेवायच्या. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि जवळच्याच शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवत होते. आमच्याबरोबर तुमची पणजी होती, म्हणजे माझ्या सासूबाई.

इमारतीच्या मागे स्टीलची भांडी घासून चकचकीत करणारे गाळे होते. दिवसभर त्यांची चाकं फिरायची आणि दुपारपर्यंत आमच्या खिडकीच्या गजांवर काळी भुकटी साचायची. बोट फिरवलं की काजळ लागावं तसं लागायचं. पणजीचा दमा मुंबईत थंडीपुरता होता. भाईंदरला तो बारमाही झाला. पलंगावर उशांचा डोंगर करून, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेली पणजी हे आमच्या घरातलं रोजचं चित्र होतं. एवढा दम लागलेला असतानासुद्धा तिची जीभ मात्र थकत नसे.

समोरच्या दारात एक गुजराती जैन कुटुंब राहत होतं. त्यांच्या घरातल्या बाईंना आम्ही बेन म्हणायचो. बेन रोज दुपारी पणजीजवळ येऊन बसत. पणजी मराठीत बोले, बेन हिंदीत, आणि दोघींचं छान जमे.

एकदा पणजीच्या छातीत कफ झाला म्हणून डॉक्टरांनी लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या. मी एक वाटीत काढून तिच्यापुढे ठेवली. बेन शेजारीच बसल्या होत्या.

"बा, ये आप लेते हो?" बेन म्हणाल्या. "इसका ऊपर का कवर तो जानवर की हड्डी और चमड़ी से बनता है."

पणजीने वाटी अशी ढकलली, जणू तीत पाल पडली होती.

"अगं बाई! आणि हे मी आज दोन दिवस गिळतेय? आंघोळ करून, देवाचं तीर्थ घेऊन, त्याच्यावर हे?" मग मोर्चा माझ्याकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"नाही हो आई. खरंच नव्हतं."

"मग एवढी इंग्रजी पुस्तकं वाचून काय दिवे लावलेस?"

बेनने मला वाचवलं. "भाभी, हमारे यहाँ तो सब खोलके ही लेते हैं. अंदर का पाउडर शहद में मिलाओ, कवर फेंक दो. मेडिकलवाला खुद बोलता है."

खरंच बोलायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या गिऱ्हाइकांत कॅप्सूलचं कवच न चालणारी घरं इतकी होती, की ते वाक्य त्याच्या तोंडात बसलं होतं. कॅप्सूल कुठलीही असो, कात्रीने पट्टी कापायची, खाकी पुडीत टाकायची आणि वर न बघता म्हणायचं, "कॅप्सूल है, नहीं चलता हो तो खोलके शहद में दे देना." त्यात वाईट काही नव्हतं. उलट माणसांच्या श्रद्धेची त्याला काळजी होती असंच मी म्हणेन. त्या कफाच्या कॅप्सूल मी तशाच दिल्या. पूड मधात कालवली, पणजीने चाटली, आठवड्यात कफ गेला. आमच्या घरात पद्धत पडली.

मग काही महिन्यांनी डॉक्टरांनी दम्यासाठी नवं औषध लिहून दिलं. डॉक्टर तरुण होते, मराठी होते, मला शाळेतल्या रिवाजाप्रमाणे 'बाई' म्हणायचे. म्हणाले, "बाई, हे नवीन आलंय. सकाळी एक, संध्याकाळी एक. एक कॅप्सूल बारा तास पुरते. आजींना आता उशांवर बसून झोपायला नको." एवढंच. बारा तास पुरते म्हणजे कशी पुरते, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे मी लपवत नाही. वर्गात मुलांना "प्रश्न विचारा" म्हणून रोज सांगणारी मी, मीही विचारलं नाही.

मेडिकलवाल्याने पट्टी कापली, पुडीत टाकली आणि आपलं वाक्य म्हटलं.

घरी येऊन कॅप्सूल उघडली, तर आत पूड नव्हती. राजगिऱ्याएवढे पांढरेशुभ्र दाणे होते, सगळे गोल, सगळे सारखे. बशीत ओतले तर घरंगळून कडेला जमा झाले. मी ते चमचाभर मधात घालून पणजीला दिले. चव विचारली. "मधाचीच. दुसरी कसली असणार?" असे तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस पणजी आडवी झोपली. मी वहीत तसं लिहून ठेवलं आहे. मला वही ठेवायची सवय होती: कुठलं औषध, किती वाजता, काय खाऊन, नंतर कसं वाटलं. तुमचे आजोबा चेष्टेने त्या वहीला 'आईचं प्रगतिपुस्तक' म्हणायचे.

चौथ्या दिवशी पणजीची तक्रार आली. "हे दाणे कवळीखाली अडकतात. वाळू चावल्यासारखं होतं. तुला नीट करून देता येत नाही का? बेनची सून तिच्या सासूला अगदी लोण्यासारखं करून देते."

बेनची सून पूड देत होती, दाणे नव्हे. पण सासूने दुसऱ्याच्या सुनेचं नाव काढल्यावर कुठली सून विचार करत बसते? मी वेलदोडे कुटायचा छोटा पितळी खलबत्ता घेतला, उकळत्या पाण्याने धुतला, पुसला, आणि दाणे त्यात घालून कुटले. अगदी मैद्यासारखे बारीक. एक कण राहू दिला नाही. मला अर्धवट काम आवडत नाही.

त्या दिवशी पणजीने चाटण घेतलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कडू जहर आहे गं हे!"

मी जास्त मध घातला. आज मला सगळ्यांत जास्त चीड कशाची येत असेल, तर त्या मधाची. तीन दिवस ज्या औषधाला चव नव्हती, ते कुटल्याबरोबर कडू झालं. म्हणजे त्या दाण्यांवर काहीतरी होतं आणि मी ते फोडलं होतं. जिभेने स्पष्ट सांगितलं होतं. मी त्यावर मध ओतला.

पुढचे दहा-बारा दिवस वहीत एकसारखे आहेत. सकाळी आठला औषध. नऊ-साडेनऊला मळमळ, हात थरथरतात, छातीत धडधड. दुपारी बरं. चारनंतर पुन्हा दम. संध्याकाळी औषध, पुन्हा थरथर, पहाटे पुन्हा दम. पणजी आडवी झोपेनाशी झाली. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही हातात धरली, पण पानं उलटली नाहीत. "दम परत लागतोय ना? म्हणजे डोस कमी पडतोय. आपण मोठी कॅप्सूल देऊ."

"आणि थरथर?"

"वय आहे, बाई."

मोठी कॅप्सूल आली. एका रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, मी तिचे दाणे मन लावून कुटले आणि पणजीला चाटवले. तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. मनगट धरलं तर नाडी मोजता येईना इतकी पळत होती. ती "अगं, मला काय होतंय, अगं" असं म्हणत होती, आणि बोलता बोलता तिचे डोळे वर गेले आणि हातपाय आकडले. तुमच्या आजोबांनी आणि बेनच्या यजमानांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला साडीने बांधून चार मजले खाली उतरवलं. बेन पुढे पळून रिक्षा थांबवायला गेल्या, अनवाणी.

स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये तिला सलाइन लावलं. आमचेच डॉक्टर तिथे यायचे. दुपारी ते खाटेजवळ आले आणि मला विचारलं, "बाई, खरं सांगा. किती कॅप्सूल दिल्या?"

"एक."

"एकीने असं होत नाही. दोन-तीन गेल्या असतील. सकाळच्या गडबडीत होतं कधी कधी."

"मी वहीत लिहिते, डॉक्टर. आठ वाजून पाच मिनिटांनी, एक."

त्यांनी हसून मान हलवली, वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे बघून आपण हलवतो तशी, आणि तुमच्या आजोबांकडे वळून म्हणाले, "वयस्कर माणसांच्या औषधात असा हलगर्जीपणा परवडत नाही हो. घरच्यांनीच लक्ष द्यायला हवं."

पणजी शुद्धीवर होती. तिने ऐकलं.

तीन दिवसांनी ती घरी आली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाली, "तू ठेव. त्याला देऊ दे." त्याला म्हणजे तुमच्या आजोबांना. त्या दिवसापासून ती माझ्या हातून औषध घेईना, पुढे पुढे चहासुद्धा घेईना. दुपारी मी शाळेतून आले की ती आणि बेन बोलायच्या थांबत. एकदा दाराशी चपला काढताना कानावर पडलं, "मी नाही म्हणत तिने मुद्दाम केलं. पण तिचा हात पुढे आला की मला धडकी भरते." बेन म्हणत होत्या, "नहीं बा, भाभी ऐसी नहीं है." मी चपला काढायला फार वेळ लावला.

लग्न होऊन मला वीस वर्षं झाली होती. पणजीशी माझी भांडणं खूप झाली होती, पण माझ्या हातचं तिने कधी नाकारलं नव्हतं. आणि दमा तर जात नव्हता. डॉक्टरांनी आता ते औषध बंद केलं होतं, जुन्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि पणजी पुन्हा उशांच्या डोंगरावर बसली होती. दिवसेंदिवस खंगत होती. म्हणजे जे एकच औषध तिला मानवलं होतं, ते गेलं होतं. आणि ते माझ्यामुळे गेलं असं घरादाराचं मत होतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आल्यावर मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली, पेपर तपासतात तशी. आणि मला ते तीन दिवस दिसले. आडवी झोपली. थरथर नाही. चव नाही. चौथ्या दिवशी माझ्याच अक्षरात: 'दाणे कुटून दिले.' त्यानंतर सगळं बिघडलेलं.

मी तशीच उठून मेडिकलमध्ये गेले. "त्या दम्याच्या कॅप्सूलचा खोका दाखवा."

"पट्टी चाहिए?"

"पट्टी नको. खोका."

त्याने खोका दिला. आत पट्ट्यांच्या मागे, पुस्तकातल्या पिंपळपानासारखं दडपलेलं, घडी घातलेलं, पातळ कागदाचं एक पत्रक होतं. मी ते ओढून काढलं.

"अरे भाभी, वो आपके काम का नहीं है. वो डॉक्टर लोगों के लिए आता है."

"मला इंग्रजी येतं," मी म्हणाले. आयुष्यात मी हे वाक्य इतक्या कडक आवाजात कधी म्हटलं नसेल.

अक्षर मुंगीएवढं होतं. मी दुकानाच्या पायरीवर उन्हात उभी राहून वाचलं. दाण्यांवर पॉलिमरचा थर आहे, त्यातून औषध हळूहळू झिरपतं, असं त्यात लिहिलं होतं. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, कुठल्याही ठळक अक्षराविना: कॅप्सूल उघडून दाणे मऊ अन्नावर टाकून घेता येतील, दाणे चावू किंवा कुटू नयेत, तसं केल्यास सगळं औषध एकदम शरीरात जाऊ शकतं.

बारा तासांचं औषध मी त्या म्हातारीला एका घासात चाटवत होते, दिवसातून दोनदा. आणि ते मला सांगणारा कागद शंभर पावलांवर एका खोक्यात घडी घालून पडला होता.

"हे गिऱ्हाइकाला का देत नाही?" मी विचारलं.

"एक डब्बे में दस पत्ता, भाभी. पर्ची एक. किसको दूँ?"

हा हिशेब बिनतोड होता, आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही झाली.

घरात दोन जुन्या कॅप्सूल उरल्या होत्या. मी काचेचे दोन पेले पाण्याने भरले. एकात दाणे तसेच टाकले, दुसऱ्यात कुटलेले, आणि दोन्ही पणजीच्या पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवले, कारण उजेड तिथेच होता.

"हे काय? आता मासे पाळणार?" पणजी म्हणाली. बरेच दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली होती.

"बघत राहा," मी म्हणाले.

कुटलेल्या पेल्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. पाच मिनिटांत पाणी कडू. दाण्यांच्या पेल्यातलं पाणी नेहमीसारखं, बेचव. पणजीनेही बोट बुडवून पाहिलं, दोन्हींतलं, आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाण्यांचं पाणीही कडू झालं होतं, पण दाणे होते तिथेच होते, पेल्याच्या तळाशी, तसेच गोल. मी दोन-चार दाणे चमच्याने काढून बशीत ठेवले आणि सुईच्या टोकाने एक दाबला. तो चपटा झाला. आत काहीच नव्हतं. नुसतं साल, द्राक्षाच्या सालीहून पातळ.

"दे इकडे," पणजी म्हणाली. तिने नखाने दुसरा दाबला, मग तिसरा. चष्म्याच्या वरून बघत, खाली वाकून, दम लागत असताना. "हा तर पोकळ आहे गं. आतलं सगळं हळूहळू देऊन टाकलंय याने, आणि तरी उभाच."

"तसाच करायचा असतो तो. मी कुटला आणि सगळं एकदम सांडलं."

"तुला सांगितलं नव्हतं कोणी?"

"नाही."

"डॉक्टरने?"

"नाही."

"त्या मेडिकलवाल्याने?"

"त्याने तर खोलून द्या म्हणून सांगितलं."

तिने बशी माझ्याकडे सरकवली. "मग इथे काय उभी आहेस? जा आणि विचार त्यांना. मास्तरीण ना तू?"

दोन्ही पेले सांडतील म्हणून बरण्यांत ओतून मी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पत्रक वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं, की ते पहिल्यांदाच वाचत आहेत. मग म्हणाले, "पण बाई, कंपनीने लिहिलंय की हे. आत कागद असतो ना?"

"तो तुमच्यासाठी असतो म्हणे."

"प्रत्येक पेशंटला एवढं समजावत बसलो तर ओपीडी कशी संपायची? आणि कुटतं कोण औषध? कॅप्सूल गिळायची असते."

"या वस्तीत कोण गिळतं, डॉक्टर? तुमच्या बाहेरच्या बाकावर बसलेत त्यांना विचारून या. निम्मे तरी खोलून घेत असतील."

'माझी चूक झाली' असं ते म्हणाले नाहीत. हलगर्जीपणा हा शब्द त्यांनी परतही घेतला नाही. पण ते औषध त्यांनी पुन्हा लिहून दिलं, छोटी कॅप्सूल, आणि चिठ्ठीवर इंग्रजीत खाली लिहिलं, कुटू नये. मी म्हटलं, "मराठीतही लिहा." त्यांनी लिहिलं. सही केली.

मेडिकलवाल्याकडे मी भांडले नाही. घरी बसून एक पाटी केली. जाड पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत मी लिहिलं, गुजरातीत बेनने: दाण्यांची कॅप्सूल उघडली तर चालेल, दाणे कुटू नका, चावू नका. त्याने ती काउंटरच्या काचेला लावू दिली. दिवाळीत रंगकाम निघालं तेव्हा ती गेली. मी दुसरी लावली. ती पंख्याच्या वाऱ्याने पडली. तिसरीवर कोणीतरी सरबताची जाहिरात चिकटवली. चौथी टिकली. दरम्यान बेनला कळलं की शेजारच्या इमारतीतल्या त्यांच्या मावससासूबाई तेच औषध दुधात कुटून घेत होत्या आणि महिनाभर 'हृदयाचं दुखणं' म्हणून झोपून होत्या. बेन धावत जाऊन सांगून आल्या. अशा किती असतील, ज्यांच्या शेजारी बेन नव्हती, त्याचा विचार मी आजही शांतपणे करू शकत नाही.

कंपनीलाही मी दोन पानी पत्र लिहिलं, चांगल्या इंग्रजीत. उत्तर छापील आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांना भेटावं. सोबत एक भिंतीवरचं कॅलेंडर होतं, त्यावर मोकळ्या हवेत धावणाऱ्या एका बाईचं चित्र. तुमच्या आजोबांनी ते हसत हसत टांगलं. मी उतरवून त्याच्या कोऱ्या पाठीवर मुलांच्या चाचणीचे प्रश्न काढले.

आता पणजीचं. औषध आलं त्या संध्याकाळी मी केळ्याचं शिकरण केलं, केळं अगदी मऊ कुस्करून. कॅप्सूल उघडली, दाणे चमच्यातल्या शिकरणावर टाकले आणि चमचा तुमच्या आजोबांच्या हातात देऊ लागले. पणजीने हाताने अडवलं.

"त्याला कशाला? त्याचा हात थरथरतो, सगळे दाणे सांडेल. तूच दे." मग चमचा तोंडात घ्यायच्या आधी बोट उगारून, "आणि कवळी काढून ठेवते मी. म्हणजे चावायचा प्रश्नच नको."

कवळी काढलेल्या तोंडाने ती शिकरण गिळून लहान मुलासारखी तोंड उघडून मला दाखवू लागली, एकही दाणा राहिला नाही म्हणून. नंतर रोज दोनदा तसंच चालायचं. पुढे नव्वदच्या दशकातली कितीतरी वर्षं. ती गेली ती दम्याने नव्हे, आणि आडवी झोपूनच गेली. माझी क्षमा तिने कधी मागितली नाही, मी तिची मागितली तर म्हणायची, "तेच तेच काय उगाळतेस? कुटू नको म्हटलंय ना?"

तर थोरले, तुझ्या तिसऱ्या पानावरच्या त्या वाक्याबद्दल. मी चाळीस वर्षं लोकांची वाक्यं सुधारली आहेत, म्हणून तुझंही सुधारते. आम्ही सूचना मोडल्या नाहीत. आम्हाला सूचना दिल्याच नव्हत्या. त्या आमच्या भाषेत नव्हत्या, आमच्या हातात नव्हत्या, आणि आमच्या घरात कॅप्सूल कशी घेतली जाते हे त्या लिहिणाऱ्याने कधी विचारलं नव्हतं. तुझी पोकळ कॅप्सूल कितीही हुशार असली तरी शेवटी ती कुठल्या तरी स्वयंपाकघरात, कुठल्या तरी बाईच्या हातात जाणार आहे. ती बाई निष्काळजी नसेल. ती नको इतकी काळजी घेणारी असेल, आणि तिच्याजवळ खलबत्ता असेल. तिला आधी सांग. ते वाक्य खोडून दुसरं लिही. स्वल्पविराम मी फुकट तपासून देईन.

ते मेडिकल आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. भांडी घासणारे गाळेही आमच्या इमारतीमागून गेले. वही माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानाला ते पातळ पत्रक चिकटवलेलं आहे, घडीवर फाटलं आहे पण वाचता येतं. खलबत्ता ओट्यावर आहे. त्यात मी वेलदोडे कुटते.